सव्वीस डिग्रीची खोली

देवचंद कापगते यांच्या घरचा नवा एसी सकाळी थंड हवा द्यायचा, रात्री थंड हवा द्यायचा आणि दुपारी मात्र हात वर करायचा. म्हणजे ज्या वेळी त्याच्यावाचून कोणाचं काही अडत नव्हतं त्या वेळी तो मन लावून राबायचा, आणि मे महिन्याच्या भर दुपारी, जेव्हा अर्जुनी मोरगावातली कुत्रीसुद्धा नालीतून उठत नाहीत, तेव्हा नुसता वारा सोडत बसायचा. अशी माणसं देवचंदजींनी चौतीस वर्षांच्या नोकरीत पुष्कळ पाहिली होती. पण माणसाला मेमो देता येतो, त्याची बदली करता येते. भिंतीत बोल्ट मारून बसवलेल्या यंत्राची बदली कुठे करणार?

बरं, प्रश्न नुसता उकाड्याचा असता तर देवचंदजींनी तो कधीच सोडवला असता. कापगत्यांच्या चार पिढ्यांनी ओला दुपट्टा डोक्यावर घेऊन उन्हाळे काढले होते, पाचवीनेही काढले असते. पण इथे प्रश्न लेकीच्या बाळंतपणाचा होता. पुष्पांजली ही त्यांची एकुलती एक मुलगी. तिला आठवा महिना लागलेला, आणि पहिलं बाळंतपण माहेरी होणार हे तिच्या आईने, सुशीलाबाईंनी, तिच्या लग्नाच्या मांडवातच ठरवून टाकलेलं. त्यात एप्रिलमध्ये पुष्पांजली नागपूरला सासरच्या जिन्यात भोवळ येऊन बसली. डॉक्टरांनी सांगितलं, हिला उन्हापासून सांभाळा, थंड खोलीत ठेवा.

झालं. तिचे सासरे शालीकराम डोंगरवार हे बँकेतून मॅनेजर म्हणून निवृत्त झालेले, आणि बँकेतला माणूस निवृत्त झाला तरी त्याच्या अटी निवृत्त होत नाहीत. त्यांनी फोन करून देवचंदजींना सांगितलं की पहिलं बाळंतपण तुमच्याकडे, हा तुमचा मान आहे, त्याला मी नाही म्हणणार नाही. पण दुपारी तीन वाजता खोली सव्वीस डिग्रीवर पाहिजे. नाही राहिली तर मी येऊन सुनेला घेऊन जाईन. आणि नुसतं सांगून थांबले नाहीत. पुष्पांजलीच्या बॅगेत त्यांनी एक पांढरं, आकडे दाखवणारं थर्मामीटर घालून पाठवलं. ते खोलीच्या भिंतीवर टांगायचं आणि रोज तीन वाजता त्याचा फोटो त्यांच्या मोबाईलवर पाठवायचा.

देवचंदजींनी एसी घेतला, वीतभर रुंदीच्या भिंतीत भोक पाडून बसवला, खिडक्यांच्या फटीत कापडाच्या चिंध्या कोंबल्या आणि पहिल्या दिवशी तीन वाजता, घरातली सगळी माणसं भिंतीसमोर उभी असताना, थर्मामीटरवर आकडा आला सत्तावीस.

या एका डिग्रीने पुढचं सगळं केलं.

खरं म्हणजे तो फोटो बघून शालीकरामजींनी लगेच उत्तर पाठवलं होतं, की चालेल, हरकत नाही. पुष्पांजलीही म्हणाली, "बाबा, सत्तावीस बी चालते ना. काऊन एवढं जिवाले लावून घेता?" पण देवचंदजींना ते ‘चालेल’ लागलं. चालवून घेणं हा शब्दच त्यांना आवडत नसे. मुलीच्या सासरच्याने आपल्याला एका डिग्रीची सूट दिली, ही गोष्ट त्यांना रात्रभर टोचत राहिली. रिमोट त्यांनी सव्वीसवर लावला होता. एसीचं म्हणणं सव्वीस आणि देणं सत्तावीस. रिमोट चोवीसवर केला असता तर कदाचित काम झालं असतं, पण हा विचार त्यांच्या मनाला शिवलाही नाही. सव्वीस पाहिजे असताना चोवीस मागायचं, म्हणजे यंत्राशी बाजारातल्यासारखा भाव करायचा. देवचंदजी त्यातले नव्हते.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. देवचंदजी जातीचे कोहळी. या भागातले जुने मोठे तलाव कोहळ्यांच्या वाडवडिलांनी बांधले. पाळ कुठे घालायची, पाणी कुठून सोडायचं, धानाच्या कोणत्या बांधीला, म्हणजे खाचराला, किती द्यायचं, हे कोहळ्याला उपजत कळतं असं म्हणतात. निदान कोहळी तरी तसं म्हणतात. देवचंदजींनी तर इटियाडोह धरणाच्या कालव्यावर चौतीस वर्षं पाणी मोजलं होतं. त्यामुळे जगातली कोणतीही अडचण समोर आली की त्यांच्या मनात पहिला प्रश्न यायचा, याला पाणी कुठून द्यायचं?

दुसऱ्या दिवशी ते बोळीत गेले आणि एसीच्या बाहेरच्या डब्याकडे कमरेवर हात ठेवून बघत उभे राहिले. घराच्या आणि शेजारच्या कंपाउंडाच्या मधल्या बोळीत, लोखंडी घोडीवर तो डबा बसवलेला होता. वर पंचेचाळीस डिग्रीचं ऊन. डब्याला हात लावला तर चटका बसला. देवचंदजींना त्याची दया आली. जो स्वतः असा भाजून निघतोय तो आतल्या माणसाला काय थंडावा देणार? त्यांना एका क्षणात सगळा उलगडा झाला. घरी जुन्या कूलरच्या वाळ्याच्या ताट्या पडून होत्या. त्यांनी एक ताटी पाण्यात बुडवली आणि सुतळीने डब्याच्या मागच्या बाजूला बांधली.

त्या दिवशी तीन वाजता आकडा आला एकोणतीस.

याचा अर्थ स्पष्ट होता. एक ताटी कमी पडत होती. तिसऱ्या दिवशी त्यांनी दोन्ही बाजूंनाही ताट्या बांधल्या आणि वरून पाण्याच्या नळीला भोकं पाडून ठिबक सोडलं. आकडा एकतीस. डब्याच्या डोक्यावर ऊन लागतंय असं दिसल्यावर त्यांनी धानाचं पोतं भिजवून टाकलं. ठिबकाचं पाणी बोळीतून वाहून फुकट चाललं होतं, आणि वाहून जाणारं पाणी देवचंदजींना बघवत नसे. म्हणून त्यांनी मातीची चांगली वीतभर उंच पाळ घालून घोडीभोवती लहानसा तलावच केला. त्याला पाणी सोडायचं तोंडसुद्धा ठेवलं, अगदी गावच्या तलावाच्या तुडुमासारखं, म्हणजे जादा पाणी फुलझाडांकडे जावं. पाळ इतकी नेटकी झाली होती की मीटरचं रीडिंग घ्यायला आलेला माणूससुद्धा दोन मिनिटं थांबून बघत राहिला. आकडा मात्र बत्तीस.

सुशीलाबाई स्वयंपाकघराच्या दारातून हे सगळं बघत होत्या. नवऱ्याच्या कामात बोलायचं नाही, अशी त्यांची रीत होती, आणि ती त्यांनी शक्य तितकी पाळली. चौथ्या दिवशी त्यांच्याने राहवेना. त्या म्हणाल्या, "बाहेरच्याले कायले पानी पाजून राहिले जी? लेक तं आत झोपली आहे."

देवचंदजींनी त्यांच्याकडे दयेने पाहिलं. ज्यांना शास्त्र कळत नाही त्यांच्याशी वाद घालू नये, हे त्यांनी नोकरीत शिकून घेतलं होतं.

चौथी ताटी कशी आली ही मात्र शेजाऱ्यांची कृपा. कंपाउंडापलीकडे रामलाल बिसेन राहत. बोदलकशाकडचे, जातीचे पोवार, हेडमास्तर म्हणून इथे बदलून आले आणि निवृत्तीनंतर इथेच घर बांधून राहिले. जेवण झालं की आंब्याखाली बाज टाकून पेपर तोंडावर घेऊन झोपायचं, हा त्यांचा निवृत्तीपासूनचा नेम. आणि एसीच्या डब्यातला पंखा नेमका त्या बाजेकडे तोंड करून होता. रामलालजी एका दुपारी पेपर बाजूला सारून कंपाउंडापाशी आले आणि म्हणाले, "कापगतेजी, तुमची खोली थंड करून राहिले, का माहं आंगन तपवून राहिले?"

शेजारधर्म म्हणून देवचंदजींनी त्याच दिवशी पंख्याच्या तोंडासमोर चौथी ताटी बांधली. रामलालजींचं अंगण निवलं. खोलीतला आकडा तेहेतीस.

पण रामलालजी हेडमास्तर होते. उपकाराची फेड ते सल्ल्याने करत. त्यांनी पहिल्यांदा सांगितलं की गॅस संपला असेल. नंतर सांगितलं की गॅस जास्त झाला असेल. मग त्यांच्या बायकोने, मुन्नीबाईंनी, निरोप पाठवला की त्यांच्या भाच्याच्या एसीत पालीने घर केलं होतं, तेव्हा तुमच्याकडेही बघा. देवचंदजींनी बघितलं. पाल नव्हती. असती तर निदान तिच्यावर रागावता आलं असतं.

आता कंपनीच्या हेल्पलाइनचा अध्याय. देवचंदजींनी नंबर फिरवला. हिंदीसाठी दोन दाबा म्हणाले, दोन दाबलं. एसीसाठी चार दाबा म्हणाले, चार दाबलं. मग अर्धा तास सनई वाजली. शेवटी एक मुलगी बोलली, ती फार अदबीने बोलली, त्यामुळे तिच्यावर ओरडणं जमेना. तिने सांगितलं की गोंदियाहून मेकॅनिक येईल.

मेकॅनिक आला तो ओमेश्वर पटले, पाठीवर बॅग, हातात स्क्रू ड्रायव्हर, तोंडात गोंदियाची हिंदी. तो सकाळच्या गाडीने आला, कारण दुपारच्या उन्हात गाडीचे डबे भट्टीसारखे तापतात आणि त्याला अकराच्या आत परतीची गाडी धरायची होती. आता इथे पुन्हा एक गोष्ट सांगायला हवी, आणि ती नीट ध्यानात ठेवायला हवी. वाळ्याच्या ताट्या कायम बांधून ठेवल्या तर रात्री सुकून झडतात, हे कूलर वापरणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतं. म्हणून देवचंदजी संध्याकाळी ऊन उतरलं की चारही ताट्या सोडायचे, पोतं काढायचे, रात्रभर सगळं मागच्या हौदात भिजत घालायचे आणि सकाळी बरोबर अकराला पुन्हा बांधायचे. ओमेश्वर आला तेव्हा घड्याळात नऊ वाजले होते. ताट्या हौदात निवांत पडून होत्या.

ओमेश्वरने एसी लावला. पाच मिनिटांत खोली गार झाली. त्याने बोळीत डोकावून डबा बघितला. भोवतीची मातीची पाळ बघून त्याला वाटलं घरात कोणाला झाडांची हौस आहे. त्याने जाळी धुतली, गॅस मोजला, आणि म्हणाला की अंकल, मशीन एकदम बढिया आहे. देवचंदजी सांगायला लागले की दुपारी हा असा करतो. ओमेश्वर म्हणाला, मेरे सामने तो अच्छी चल रही है. मग त्याने देवचंदजींच्या मोबाईलवर आलेला चार आकड्यांचा नंबर मागितला. देवचंदजींनी तो दिला. देताक्षणी कंपनीचा मेसेज आला, की आपली तक्रार दूर झाली असून आपण समाधानी आहात.

आपण समाधानी आहोत हे देवचंदजींना तेव्हा कळलं. त्याच दुपारी आकडा चौतीस.

रामलालजींचं नवीन निदान होतं, व्होल्टेज. दुपारी उन्हाळी धानाचे पंप चालतात, वीज पुरत नाही, तुम्ही घराचा लोड वाढवून घ्या. देवचंदजी छत्री घेऊन वीज कचेरीत गेले. तिथल्या बाबूने बिल बघितलं आणि सांगितलं की अर्जावर ग्राहकाची सही पाहिजे. ग्राहक म्हणजे बिलावर नाव असलेले बिसराम कापगते, देवचंदजींचे वडील. ते वारून पंचवीसपेक्षा जास्त वर्षं झाली होती. बाबू म्हणाला, मग मृत्यूचा दाखला आणा. देवचंदजी दाखल्याच्या कचेरीत गेले. त्या सालचं रजिस्टर वाळवीने खाल्लं होतं. त्या सालात मेलेल्या कोणाचाच तिथे पत्ता नव्हता. ते परत वीज कचेरीत आले. बाबूने सहानुभूतीने विचार केला आणि म्हणाला की दाखला नसेल तर मग कागदोपत्री ते हयातच आहेत, तेव्हा त्यांचं आधार कार्ड घेऊन त्यांनाच एकदा आणा, अंगठा लागेल.

देवचंदजी बाहेर येऊन निंबाखाली बसले. वडिलांची आठवण त्यांना वर्षातून एक-दोनदाच यायची. त्या दिवशी फार आली.

इकडे रोज तीन वाजता फोटो जात होता. एकोणतीस, एकतीस, बत्तीस, तेहेतीस, चौतीस. शालीकरामजींचं ‘चालेल’ दुसऱ्या दिवशीच बंद झालं होतं. आता नुसत्या दोन निळ्या खुणा यायच्या. त्या दोन खुणांकडे देवचंदजी जसे बघायचे तसे त्यांनी दहावीच्या निकालाकडेही बघितलं नव्हतं. आणि खोलीत पुष्पांजली कुशीवर पडून, हातपंख्याने वारा घेत, घामाने चिकटलेले केस मानेवरून वर करत राहायची. सुशीलाबाई तिच्या पायांना ओलं फडकं लावायच्या आणि रात्री जुन्या लुगड्यांची एक लहानशी गोधडी शिवत बसायच्या. देवचंदजींना लेकीचे सुजलेले पाय दिसले की ते उठून बोळीत जायचे आणि ताट्यांवर आणखी चार बादल्या पाणी ओतायचे.

हेल्पलाइनवर दुसरी तक्रार झाली. ओमेश्वर पुन्हा आला, पुन्हा सकाळी नऊला. खोली पुन्हा गार झाली. जाताना तो हसून म्हणाला की अंकल, ही मशीन तुमच्याशी मजाक करते. देवचंदजी हसले नाहीत.

आणि मग टरबुजाचा दिवस उजाडला.

त्या दिवशी पावणेतीनलाच आकडा पस्तीसवर गेला होता. देवचंदजी खोलीच्या दारात उभे राहून तो बघत होते. लेक डोळे मिटून पडली होती. सुशीलाबाई नळावर होत्या. देवचंदजींनी आयुष्यात खोटा गेज, म्हणजे पाण्याचं खोटं माप, लिहिला नव्हता. कालव्यावर लोकांनी बोकड देऊ केले, कोंबड्या देऊ केल्या, पण पाटात वीतभर पाणी असताना दोन वीत लिहिलं असं एकदाही झालं नव्हतं. ते सगळं त्यांना आठवलं, आणि तरी त्यांनी हळूच थर्मामीटर खिळ्यावरून काढलं आणि फ्रिजमध्ये ठेवलं. बेत साधा होता. दोन मिनिटांनी सव्वीस दिसलं की काढायचं, भिंतीवर टांगायचं आणि पटकन फोटो घ्यायचा. त्यांना जास्त थंड नको होतं. सव्वीसच पाहिजे होतं.

एवढ्यात फाटकात रामलालजींनी हाक मारली. त्यांना नवीन निदान सुचलं होतं, खोलीची दिशा चुकली आहे. हेडमास्तरांचं बोलणं मध्ये तोडता येत नाही. देवचंदजी आत आले तेव्हा तीन वाजून दहा मिनिटं झाली होती आणि मोबाईल वाजत होता. चष्मा कपाळावर होता हे त्यांच्या ध्यानात आलं नाही. त्यांनी फ्रिज उघडला, अंधुक काहीतरी दोन आकडे दिसले, त्यांनी आहे तिथेच फोटो घेतला आणि पाठवून दिला.

फोटोत थर्मामीटरवर नऊ पूर्णांक चार डिग्री होते. मागे कापलेलं अर्धं टरबूज होतं.

शालीकरामजींचा मेसेज आला, आठ दिवसांतला पहिलाच. ‘इवाई, पुष्पाला टरबुजाच्या बाजूला झोपवलं का?’ आणि खाली दुसरा. ‘परवा येतो.’

व्याह्याला तिकडे इवाई म्हणतात, आणि त्या शब्दात थट्टा असते तसा मानही असतो. त्या दिवशीच्या शब्दात मान कुठे सापडतो का, हे देवचंदजींनी चष्मा लावून पुन्हा पुन्हा वाचून बघितलं.

पुढचे दोन दिवस त्यांनी जे कष्ट केले तेवढे लेकीच्या लग्नातही केले नव्हते. बाजारातून नवीन वाळ्याच्या चार ताट्या आणल्या आणि जुन्यांवर दुसरा थर दिला. पोत्यावर आणखी दोन पोती टाकली. पाळ आणखी चार बोटं उंच केली. डबा आता बाहेरून दिसतच नव्हता; बोळीत एक ओली, हिरवट, वाळ्याचा सुवास सोडणारी कोठी उभी होती, आणि तिच्या पायाशी तुडुंब भरलेला तलाव. त्या कोठीकडे बघून देवचंदजींच्या मनात पहिल्यांदा आशा आली. आजवर जे झालं ते अर्धवट होतं, म्हणून फसलं.

शालीकरामजी अडीच वाजता आले, स्वतःच्या गाडीने. पाणी पिऊन झाल्यावर ते खोलीत खुर्चीवर बसले. तीन वाजता थर्मामीटरवर छत्तीस आले. शालीकरामजींचा शर्ट पाठीला चिकटला होता. ते भांडले असते तर बरं झालं असतं, देवचंदजींनी त्यासाठी उत्तरंही तयार ठेवली होती. पण ते रुमालाने मान पुसत म्हणाले, "इवाई, तुमच्या जिवाची तगमग मला दिसते. पण आकड्याचं काय करू? आणि ते टरबूज पाहिल्यापासून माझा आकड्यावर विश्वास राहिला नाही."

सुशीलाबाईंनी लेकीची बॅग भरली. डिंकाचे लाडू दिले, पापड दिले. शिवलेली गोधडी मात्र पेटीतच ठेवली, कारण बाळ यायच्या आधी बाळाचं सामान घराबाहेर काढत नाहीत. बॅगेची चेन लावताना त्यांचे हात थांबले आणि त्या रडल्या, आणि मग उगीच चेनवरच रागावल्या.

पुष्पांजली गाडीत बसली. देवचंदजी खिडकीपाशी गेले. तिने काच खाली केली, आणि गाडीतली थंडगार हवा त्यांच्या तोंडावर आली.

"बाबा," ती म्हणाली, "तुमी खोटा फोटो कायले पाठवला? खरा पाठवला असता तं मीच भांडली असती ना, का मले इथंच राह्यचं आहे."

देवचंदजी नुसते म्हणाले, "काच लाव. थंडी जाते." गाडी वळणावर दिसेनाशी झाली तरी ते रस्त्यातच उभे होते, आणि त्यांच्या डोक्यावर काहीच नव्हतं. शेवटी रामलालजी येऊन त्यांना हाताला धरून सावलीत घेऊन गेले. त्या दिवशी त्यांनी एकही सल्ला दिला नाही.

दुसऱ्या दिवशी देवचंदजींनी ताट्या बांधल्या त्या केवळ सवयीने. एसी लावला तोही सवयीने. पुष्पांजलीचा फोन येऊन गेला होता. ती सुखरूप पोचली होती, पण तीन तासांच्या प्रवासाने रक्तदाब वाढला होता, आणि डॉक्टरांनी आता बाळंतपण होईपर्यंत गाडीत पाय ठेवायचा नाही असं बजावलं होतं.

दुपारी दोन वाजता फाटकाशी ओमेश्वर उभा. तिसऱ्या तक्रारीवरून आला होता. नवेगावात त्याचं दुसरं काम होतं, ते आटोपून येता येता दुपार झाली होती. तो खोलीत गेला, हात वर करून वारा बघितला, मान हलवली आणि पहिल्यांदाच काळजीने बोळीत गेला. देवचंदजी मागून गेले. ओमेश्वर त्या ओल्या कोठीसमोर उभा होता.

"अंकल," तो हळूच म्हणाला, "इसका मुँह किसने बांधा?"

देवचंदजींनी त्याला समजावून सांगितलं. ऊन कसं, चटका कसा, वाळा कसा, पाळ कशी. ओमेश्वरने सगळं ऐकून घेतलं. मग त्याने सुतळ्या कापल्या, आठही ताट्या आणि तिन्ही पोती एकेक करून भिंतीला टेकवून ठेवली. आतून वाफ निघाली. त्याने सांगितलं की हा कूलर नाही. खोलीतली गरमी हाच डबा बाहेर फेकतो. याला चारही बाजूंनी मोकळी हवा लागते. ती बंद केली की गरमी आतच कोंडते, डबा तापतो आणि जीव वाचवायला आपण होऊन बंद पडतो. सकाळी तुम्ही याला सोडायचे, म्हणून सकाळी चालायचा. मग निघता निघता, नुसतं बोलायचं म्हणून, त्याने विचारलं की पहिल्या दिवशी, काही बांधलं नव्हतं तेव्हा, कितना आता था?

"सत्तावीस," देवचंदजी म्हणाले.

"बस? तो रिमोट दो पॉइंट नीचे कर देते."

त्याने मोबाईलवर आलेला चार आकड्यांचा नंबर मागितला. देवचंदजींनी तो सांगितला. कंपनीचा मेसेज आला की आपण समाधानी आहात.

एसी तपासायला ओमेश्वरने रिमोट वीसवर ठेवला होता. तीन वाजता देवचंदजी खोलीत गेले तर थर्मामीटरवर बावीस होते. बाहेर पंचेचाळीस, आत बावीस. भिंतीवर, खिळ्यावर, जागच्या जागी. कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेऊन त्यांनी फोटो काढला. यात थर्मामीटर होतं, मागे भिंत होती, भिंतीवर पुष्पांजलीचा शाळेतला फोटो होता. काहीही कापलेलं नव्हतं. त्यांनी तो शालीकरामजींना पाठवला.

दोन निळ्या खुणा आल्या. थोड्या वेळाने उत्तर आलं.

‘आज टरबूज दिसून नाही राहिलं. संपलं का?’

देवचंदजींनी मोबाईल पालथा ठेवला. सुशीलाबाई दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्या आत आल्या आणि लेकीच्या पलंगाच्या काठावर नवऱ्याशेजारी बसल्या. नव्या एसीत त्या आज पहिल्यांदा बसल्या होत्या. आजवर त्या खोलीत यायच्या त्या पाण्याचं भांडं घेऊन आणि जायच्या ओलं फडकं घेऊन. थोड्या वेळाने त्यांच्या अंगावर काटा आला. त्यांनी उठून पेटी उघडली आणि ती गोधडी काढली. मऊ, निळ्या-लाल तुकड्यांची, हातभर लांबीची. दोघांच्या गुडघ्यांवर त्यांनी ती टाकून बघितली. ती कोणालाच पुरत नव्हती, तेव्हा त्यांनी ती देवचंदजींच्या एका गुडघ्यावर नीट पसरली.

"बंद करा जी," त्या म्हणाल्या. "कोनासाठी थंड करून राहिले?"

देवचंदजींनी रिमोट उचलला. मग एकेक करून ते बटण दाबत गेले, एकवीस, बावीस, तेवीस, आणि सव्वीसवर आल्यावर थांबले.

"असू दे," ते म्हणाले. "एवढंच ठरलं होतं."